स्वप्नातल्या जगालाही नियम लागतात
(चित्र-भाषा पाठ, मोठा गट. पालकांनी शक्य तर मुलांसोबत बसून वाचावा.)



मोठ्या गटातील मुलांनी या सत्राच्या प्रकल्पासाठी 'स्वप्नवाडा' हा विषय निवडला आहे, हे आपणांस माहीत आहेच. स्नेहसंमेलनाच्या दिवशी सभागृहाच्या भिंतीवर एक लांबलचक चित्रपट्टी लावायची आहे. तिच्यात वाड्याच्या बारा खोल्या असतील. प्रत्येक खोली वेगळे मूल काढील, खोलीखाली चार ओळी मराठीत लिहील, आणि काही ठिकाणी कागदाची झडप असेल. पाहुण्यांनी ती उघडून आत काय आहे ते बघायचे. वाडा स्वप्नातला, त्यामुळे जिना छताला उलटा लटकला तरी चालेल, विहिरीत चंद्र पोहत असला तरी चालेल. अडचण एकच आहे. बारा मुलांनी बारा घरी बसून काढलेल्या खोल्या एकाच वाड्यातल्या वाटतील कशा?

हीच अडचण स्वप्नासारखे व्हिडिओ गेम्स तयार करणाऱ्यांनाही येते, आणि त्यांनी तिच्यावर फार सुंदर तोडगे काढले आहेत. म्हणून या अंकाचा पाठ आम्ही गेम्समधील चित्रांवर बेतला आहे.

"मराठीच्या वर्गात गेम्स कशाला?" असे काही पालकांनी आम्हांला विचारले. प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे असे, की मुले ज्या विषयावर तासभर न थांबता बोलू शकतात, तो विषय मराठीत बोलता आला नाही तर घरातले मराठी 'जेवलास का' आणि 'अभ्यास झाला का' एवढ्यापुरतेच उरते. मुलगा पडद्यावर काय पाहतो आहे ते आईबाबांना विचारता यावे, आणि त्याला ते सांगता यावे, इतके शब्द दोघांकडेही हवेत. ते शब्द गोळा करणे हा या पाठाचा दुसरा हेतू.

१. अतिवास्तव म्हणजे काय?

स्वप्नात आपण आजीच्या स्वयंपाकघरातून दार उघडून थेट शाळेच्या मैदानावर जातो, आणि त्यात आपल्याला काहीच वावगे वाटत नाही. ओळखीच्या वस्तू अनोळखी रीतीने एकत्र येतात. अशी चित्रे आणि असे लेखन करणाऱ्या कलावंतांची एक चळवळ पॅरिसमध्ये उभी राहिली. आंद्रे ब्रेतॉं या कवीने 1924 साली तिचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. तिला मराठीत 'अतिवास्तववाद' म्हणतात.

या चळवळीतील दोन चित्रे आपण वर्गात पाहिली होती, ती आठवा. बेल्जियमचे चित्रकार रने मॅग्रीत यांनी 1938 साली एक दिवाणखाना रंगवला. त्यातल्या शेकोटीच्या भिंतीतून आगगाडीचे इंजिन धूर सोडत बाहेर येत आहे. स्पेनचे साल्वादोर दाली यांच्या 1931 सालच्या चित्रात खिशातली घड्याळे उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखी वितळून लोंबत आहेत. हे जगप्रसिद्ध चित्र फक्त 24 सेंटिमीटर उंच आणि 33 सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या मोठ्या वहीच्या पानाएवढे.

आता नीट पाहा. मॅग्रीतच्या चित्रात इंजिन सोडले तर सगळे कसे जागच्या जागी आहे. आरसा, घड्याळ, मेणबत्तीचे स्टँड, लाकडी जमीन, सारे शांतपणे, नेटकेपणाने रंगवलेले आहे. इंजिनसुद्धा त्याच नेटकेपणाने रंगवले आहे. समजा, दिवाणखाना तसाच ठेवून इंजिन एखाद्या विनोदी चित्रमालिकेतल्यासारखे काढले असते, तर आपण म्हटले असते, "कुणीतरी चित्रावर कागद चिकटवलेला दिसतो." मग नवल वाटलेच नसते. चित्रातले सगळे एकाच हाताने, एकाच प्रकाशात रंगवलेले आहे, म्हणून अशक्य गोष्ट क्षणभर खरी वाटते.

यालाच आपण या पाठात 'शैलीची एकसंधता' म्हणू. रंग, रेघ, प्रकाश, आकार यांचे काही नियम ठरवायचे आणि चित्रातल्या प्रत्येक वस्तूला तेच लावायचे.

२. गेमला ही एकसंधता जास्त का लागते?

चित्र आपण एका जागी उभे राहून पाहतो. गेममध्ये मात्र आपल्याला त्या जगात वावरायचे असते. कुठे पाय ठेवायचा, काय उचलायचे, कशापासून पळायचे, हे सतत ठरवावे लागते. नेहमीच्या जगाचे नियम आपल्याला पाठ असतात. दगड कठीण असतो, पाणी खाली वाहते, दार उघडते. स्वप्नाच्या जगात हे नियम मोडलेले असतात. मग खेळणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर. एकदा पिवळी वस्तू हलते असे कळले, की पुढे प्रत्येक पिवळी वस्तू हललीच पाहिजे. चित्रकाराने कुठेतरी केवळ शोभेसाठी पिवळा दगड ठेवला, तर खेळणारा दहा मिनिटे त्या दगडाशी झटापट करील आणि शेवटी वैतागून खेळ बंद करील.

दुसरे कारण कामाच्या पद्धतीत आहे. मोठा गेम एक माणूस करत नाही. कुणी पात्रे काढतो, कुणी मागचे देखावे, कुणी हालचाल, कुणी आवाज, कुणी पडद्यावरची अक्षरे. एकाच लग्नाच्या जेवणावळीत पाच आचारी स्वतःच्या अंदाजाने मीठ घालू लागले तर काय होईल? म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच रंग, रेघ आणि प्रमाण यांचे नमुने ठरवून सर्वांसमोर ठेवतात.

३. पहिले उदाहरण : अशक्य जिने

'मॉन्युमेंट व्हॅली' हा गेम लंडनच्या 'असटू' या मंडळींनी 2014 साली काढला. इडा नावाची पांढऱ्या कपड्यांतली छोटी राजकन्या विचित्र मनोऱ्यांतून चालत जाते. आपण मनोऱ्याचा एखादा भाग फिरवला, की दोन लांबचे रस्ते अचानक जोडले जातात आणि इडा त्यावरून चालू लागते. 2015 साली या गेमला बाफ्टाचा 'ब्रिटिश गेम' पुरस्कार मिळाला.

यामागे जुनी परंपरा आहे. लायोनेल पेनरोझ आणि त्यांचे चिरंजीव रॉजर यांनी 1958 साली अशक्य त्रिकोण आणि कधीही न संपणारा जिना प्रसिद्ध केला. (हेच रॉजर पेनरोझ 2020 साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले.) डच चित्रकार एम. सी. एशर यांनी त्या कल्पना उचलून 1960 साली न संपणाऱ्या जिन्याचे आणि 1961 साली वर चढणाऱ्या धबधब्याचे चित्र केले. 'मॉन्युमेंट व्हॅली'च्या कर्त्यांनी एशरपासून प्रेरणा घेतली.

ही किमया कशी होते ते हाताने करून पाहा. कंपासने वर्तुळ काढा. त्रिज्या तेवढीच ठेवून परिघावर सहा खुणा करा आणि त्या जोडा. षटकोन तयार झाला. आता मध्यबिंदूपासून एक सोडून एक अशा तीन कोपऱ्यांपर्यंत रेघा मारा. कागदावर ठोकळा दिसू लागेल! हा ठोकळा नेहमीसारखा काढलेला नाही. नेहमीच्या यथार्थदर्शी चित्रात लांबची वस्तू लहान दिसते, रेल्वेचे रूळ दूर जाऊन एकत्र आल्यासारखे वाटतात. इथे तसे होत नाही. जवळची आणि लांबची बाजू सारख्याच लांबीची राहते. या पद्धतीला 'आयसोमेट्रिक' म्हणतात.

आता मधल्या बिंदूवर बोट ठेवा. तो ठोकळ्याचा आपल्या सर्वांत जवळचा कोपरा आहे. पण ठोकळा काचेचा असता, तर त्याचा मागचा, सर्वांत लांबचा कोपराही नेमका त्याच बिंदूवर दिसला असता. सर्वांत जवळचे आणि सर्वांत लांबचे कागदावर एका ठिकाणी आले. 'मॉन्युमेंट व्हॅली'तले लांबचे रस्ते असेच जुळतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. समजा, एखाद्या हौशी चित्रकाराने या गेममधला एकच मनोरा नेहमीच्या पद्धतीने, लांबचे लहान करून काढला असता. मग त्या मनोऱ्याचा रस्ता दुसऱ्या रस्त्याला जुळलाच नसता आणि इडा तिथेच अडकली असती. म्हणजे इथे शैली मोडली की खेळच मोडतो.

४. दुसरे उदाहरण : गाजर, बटाटा आणि रडका कांदा

'कपहेड' हा गेम कॅनडातील चॅड आणि जॅरेड मोल्डनहावर या भावांच्या स्टुडिओने 2017 साली आणला. नायकाला डोक्याच्या जागी चक्क कप आहे. सुरुवातीच्याच एका लढाईत समोर येतात एक प्रचंड बटाटा, रडून रडून अश्रूंचा पाऊस पाडणारा कांदा आणि एक जादूगार गाजर. भाजी मंडईतले हे भांडण आपल्याला खरे का वाटते?

याचे उत्तर कर्त्यांच्या हट्टात आहे. त्यांनी 1930 च्या दशकातल्या अमेरिकन कार्टून चित्रपटांची रीत घेतली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. त्या काळच्या कार्टूनमध्ये पात्रांचे हातपाय रबरी नळीसारखे वळत. त्याच रीतीने पात्रांची चित्रे कागदावर हाताने काढली, शाईने गिरवली, आणि सेकंदाला 24 चित्रे या जुन्या हिशोबाने हलवली. मागचे देखावे जलरंगात रंगवले. पडद्यावर जुन्या फिल्मसारखे ओरखडे आणि ठिपके दिसतात. संगीतही त्या काळातल्या जॅझ वाद्यवृंदाच्या ढंगाचे, खऱ्या वादकांकडून वाजवून घेतलेले.

म्हणजे एकसंधता फक्त रंगापुरती नसते. रेघ, हालचाल, अक्षर आणि आवाज सगळे एका घरचे हवे. कार्टूनमधल्या कांद्याला आजच्या नकली इलेक्ट्रॉनिक आवाजाची जोड दिली असती, तर ते जग तिथल्या तिथे फाटले असते.

५. तिसरे उदाहरण : थोडक्यात गोडी

काही कर्ते याच्या उलट वाटेने जातात आणि अगदी थोडी साधने घेतात. डेन्मार्कच्या 'प्लेडेड' या मंडळींच्या 'लिम्बो' (2010) या गेममध्ये काळा, पांढरा आणि मधला करडा एवढेच आहे. सगळी पात्रे छायाकृती आहेत. मुलाचे दोन पांढरे डोळे तेवढे चमकतात, त्यामुळे धुक्यातही तो हरवत नाही. सापळे मात्र गवताच्याच काळोखात दडलेले असतात, आणि भीती तिथूनच येते. (हा गेम लहान गटासाठी नाही. त्यातला मुलगा वरचेवर मरतो.)

जपानच्या केइता ताकाहाशी यांचा 'कातामारी दामाशी' (2004) बघा. बोटभर उंचीचा राजकुमार एक चिकट गोळा लोटत जातो. आधी टाचण्या आणि खोडरबर चिकटतात, मग गायी, मग माणसे, मग घरे! असली धमाल बघताना भीती वाटायला हवी होती, कारण माणसे गोळ्याला चिकटून ओरडत असतात. पण सगळ्या वस्तू खेळण्यातल्या ठोकळ्यांसारख्या, सपाट आनंदी रंगांत आहेत, म्हणून आपण हसतो. तीच माणसे खऱ्यासारखी काढली असती तर हसू आले असते का? न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2012 साली आपल्या संग्रहात पहिले 14 गेम्स घेतले, त्यांत हा होता.

६. एकसंध म्हणजे सगळे सारखेच का?

नाही. हा गैरसमज काढून टाकू या. 'सायकोनॉट्स' (2005) या गेममध्ये रॅझ हा दहा वर्षांचा मुलगा दुसऱ्यांच्या मनात शिरतो. एकाच्या मनातले रस्ते पिळलेल्या टॉवेलसारखे वळलेले आहेत. दुसऱ्याचे मन काळ्या मखमलीवर झगझगीत रंगांनी रंगवल्यासारखे आहे. तिसऱ्याच्या मनात सोंगट्यांचा पट मांडला आहे. प्रत्येक मनाची शैली वेगळी, कारण माणूस वेगळा. पण त्या त्या मनाच्या आत नियम पक्के आहेत, आणि रॅझ स्वतः सगळीकडे तसाच दिसतो. बदलाला कारण असले की बदल खटकत नाही.

असेच एक उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी 2020 साली 'राजी' हा गेम काढला. राजी ही मुलगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. हा गेम पुराणकथांच्या वळणाचा आहे, पूर्ण अतिवास्तव म्हणता येणार नाही, पण शैलीच्या अभ्यासाला उत्तम आहे. राजी जिथे लढते ते जग पहाडी लघुचित्रांच्या वळणाने हाताने रंगवलेले आहे, आणि गोष्ट सांगण्याचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे आहेत. दोन शैली आहेत, पण दोघींची कामे वाटून दिली आहेत. एकीत खेळायचे, दुसरीत ऐकायचे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळ करतात. सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांनी तो जरूर पाहावा आणि मग 'राजी'तल्या बाहुल्यांशी ताडून पाहावा.

७. पालकांसाठी दोन शब्द

दुकानात गेम निवडताना "यात चित्रे किती खरी वाटतात!" यावर आपण भुलतो. खरेपणा हा चांगल्या चित्राचा एक प्रकार आहे, एकमेव नाही. मुलांना त्याऐवजी पुढील प्रश्न विचारून पाहा : या जगात कोणते रंग आहेत आणि कोणते मुद्दाम नाहीत? कुठली वस्तू हलते, हे तुला हात न लावता कसे कळते? आवाज चित्राला शोभतो का? एखादी वस्तू परक्या घरून आल्यासारखी वाटते का? आपल्याला गेम खेळता येत नसला तरी हरकत नाही. या प्रश्नांपुढे मूल शिक्षक होते आणि आपण विद्यार्थी, आणि संभाषण मराठीत चालते. शब्द अडला तर मुलाला थांबवू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या, शब्द नंतर द्या.

वयोगटाचा आकडा मात्र अवश्य पाहा. युरोपच्या पेगी पद्धतीत 3, 7, 12, 16 आणि 18 असे आकडे असतात. ते खेळ किती अवघड आहे हे सांगत नाहीत, त्यातला मजकूर कोणत्या वयाला योग्य आहे हे सांगतात.

८. आपल्या स्वप्नवाड्याचे नियम

वरील सर्व लक्षात घेऊन आम्ही पुढील नियम सुचवत आहोत. पुढच्या वर्गात मुलांनी त्यांवर चर्चा करावी, हवे तर बदल करावेत. एकदा ठरले की मात्र सर्वांनी पाळायचे.

• रंग पाचच : गेरू, निळा, पिवळा, काळा आणि कागदाचा पांढरा.
• पिवळा रंग फक्त उघडणाऱ्या झडपांना. इतर कुठेही पिवळा नाही.
• बाह्यरेषा काळ्या, जाड, एकाच जातीच्या पेनाने. पट्टी वापरायची नाही.
• उजेड डावीकडून येतो, सावली उजवीकडे पडते. रात्रीच्या खोलीतही.
• जमिनीची रेघ कागदाच्या खालच्या कडेपासून 5 सेंटिमीटरवर. दार 12 सेंटिमीटर उंच, मोठे माणूस 9 सेंटिमीटर. शेजारच्या खोल्या नीट जुळाव्यात म्हणून हे मोजूनच करावे.
• प्रत्येक खोलीत अशक्य गोष्ट एकच. बाकी सगळे खरे, ओळखीचे.

शेवटचा नियम सर्वांत अवघड जाईल. तुमच्या मनात दहा अशक्य गोष्टी येतील. त्या वहीत लिहून ठेवा, त्यांतली एक निवडा. मॅग्रीतच्या दिवाणखान्यात इंजिन एकच होते.

कठीण शब्द

अतिवास्तव – स्वप्नासारखे, वास्तवाच्या पलीकडचे
एकसंध – सांधा न दिसणारे, अखंड
शैली – करण्याची खास रीत
यथार्थदर्शन – लांबचे लहान दाखवून खोली भासवण्याची चित्रकलेतील पद्धत
छायाकृती – आतले तपशील नसलेली, नुसत्या काळ्या आकाराची आकृती
वावगे – चुकीचे, न शोभणारे
ताडून पाहणे – तुलना करून तपासणे

स्वाध्याय

१. मॅग्रीतच्या चित्रातील इंजिन खरे का वाटते? तीन वाक्यांत लिहा.
२. वर दिलेला षटकोनी ठोकळा काढा. तसेच तीन ठोकळे एकमेकांना जोडून जिना करा.
३. तुमच्या आवडत्या गेममधील एक जागा निवडा. तिथले रंग, रेघ, उजेड आणि आवाज यांचे दहा ओळींत वर्णन करा. गेमचे नाव लिहू नका. वर्गात इतरांनी ते ओळखायचे आहे.
४. आईला, बाबांना किंवा आजी-आजोबांना त्यांचे एक विचित्र स्वप्न विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. त्यातली एक अशक्य गोष्ट तुमच्या खोलीत वापरता येईल का, ते ठरवा.

चौथा प्रश्न सर्वांनी सोडवणे आवश्यक आहे. भारतातल्या आजी-आजोबांना फोन करायचा असेल तर तिकडची वेळ पाहून करावा. पुढच्या वर्गाला येताना काळा जाड पेन, 30 सेंटिमीटरची पट्टी (फक्त मोजण्यासाठी) आणि स्वप्नाची वही आणावी.